अयशस्वीमध्ये यशस्वी

सर्व्हर काय म्हणाला यापेक्षा तो कोणत्या शब्दांत म्हणाला, यावर ज्यांचं पोट चालतं अशी माणसं पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंत सगळीकडे आढळतात. त्यांना टेस्टर म्हणतात. आपण मोबाइलवर बटण दाबतो, ॲप आपल्या वतीने सर्व्हरला काहीतरी विचारतं, सर्व्हर उत्तर पाठवतो. या देवाणघेवाणीची ठरलेली रीत म्हणजे एपीआय. टेस्टरने करायचं काय, तर उत्तर येण्याआधीच ते काय असायला हवं हे लिहून ठेवायचं. ‘मेसेज’पुढे ‘पेमेंट सक्सेसफुल’ हेच शब्द आले पाहिजेत. आले तर हिरवं, नाही आले तर लाल. या लिहून ठेवलेल्या ओळीला असर्शन म्हणतात. समोरच्याने तोंड उघडण्याआधीच त्याने काय बोलायला हवं हे ठणकावून सांगण्याची कला पुण्यात कुणाला वेगळी शिकवावी लागत नाही. हा धंदा इथे एवढा का फोफावला, याचं दुसरं काही कारण असेल तर मला ते ऐकायचं नाही.

आकडे तपासणं सोपं असतं. दोनशे म्हणजे झालं, चारशे चार म्हणजे सापडलं नाही, पाचशे म्हणजे सर्व्हरनेच मान टाकली. पूर्वी शिष्टाचार म्हणून या आकड्यांसोबत शब्दही यायचे : २०० बरोबर ‘ओके’, ४०४ बरोबर ‘नॉट फाउंड’. २०१५ साली या संभाषणाच्या नियमांची, म्हणजे एचटीटीपीची, दुसरी आवृत्ती आली आणि तिने ते शब्द काढूनच टाकले. आकडा पुरे, म्हणाली. ज्यांनी आकडा सोडून शब्दांवर भरवसा ठेवला होता, त्यांच्या टेस्टना त्या दिवसापासून ‘नॉट फाउंड’ हेच सापडेना.

मजकूर हे वेगळंच प्रकरण आहे. तो माणसाने माणसासाठी लिहिलेला असतो, आणि माणसाला एकदा लिहिलेलं सुधारल्याशिवाय चैन पडत नाही. डेव्हलपरने लिहिलेलं असतं ‘पेमेंट सक्सेसफुल’. मग कंटेंटवाल्या मॅडम येतात. त्यांना ते वाक्य पूर्णविरामाशिवाय उघडंबोडकं वाटतं. एक ठिपका वाढतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धी पाइपलाइन, म्हणजे आपोआप चालणाऱ्या टेस्टची रांग, लाल. पुढे ब्रँडिंगची एजन्सी येते. तिच्या मते या मेसेजमध्ये ‘वॉर्म्थ’ नाही. झालं, ‘हुर्रे! तुमचं पेमेंट झालं’ आणि मागे फुगे उडवणारा इमोजी. पैसे पूर्वीइतकेच कापले जातात, दुकानदाराला पूर्वीसारखेच पोचतात, पण इकडे उरलेली पाइपलाइनही लाल. मॅनेजर धावत येतो, “पेमेंट बंद पडलंय का?” टेस्टर शांतपणे सांगतो, “नाही सर, पेमेंट चालू आहे. आनंद जास्त झालाय.”

तरीही धंद्यातला जुना आणि मानाचा पंथ काटेकोरांचाच. मजकूर हवा तर अक्षरन् अक्षर तोच, नाहीतर नाही. केवायसीचे कागद तपासणाऱ्या खिडकीमागच्या साहेबांचा आत्माच या असर्शनमध्ये शिरलेला असतो. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, आधारवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. ज्याचे हे कागद, तो माणूस समोर जिवंत उभा आहे, घाम पुसतो आहे. साहेब त्याच्याकडे बघतही नाहीत. “मॅच होत नाही,” एवढंच म्हणतात आणि पुढच्याला बोलावतात.

काटेकोरांच्या घरातही एकवाक्यता नाही, ती गोष्ट वेगळी. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत टेस्ट लिहायची दोन मोठी साधनं आहेत, जेयुनिट आणि टेस्टएनजी. एकात आधी ‘काय हवं होतं’ ते लिहायचं आणि नंतर ‘काय मिळालं’. दुसऱ्यात आधी मिळालेलं आणि नंतर हवं असलेलं. नोकरी बदलून एका साधनावरून दुसऱ्यावर गेलेला माणूस सवयीने उलटं लिहितो. टेस्ट पास होते तोवर कुणालाच कळत नाही. फेल झाली की ती सांगते, ‘चूक हवी होती, पण बरोबर आलं.’ यावर अख्खी टीम तासभर चर्चा करते.

काटेकोरपणाची खरी कसोटी मात्र न दिसणाऱ्या गोष्टींत लागते. टेस्ट फेल झाल्यावर पडद्यावर दोन ओळी येतात : अपेक्षित ‘सक्सेस’, मिळालं ‘सक्सेस’. माणूस दोन्ही ओळी वाचतो. पुन्हा वाचतो. चष्मा पुसतो. शेजारच्याला बोलावतो. शेजारचा म्हणतो, “अरे, सेमच तर आहे.” शेवटी कळतं की एकीच्या शेवटी स्पेस आहे. ती कुणी टाकली याचा शोध घेतला तर ती डेटाबेसमध्ये निघते, डेटाबेसमध्ये एक्सेलमधून आलेली असते, आणि एक्सेल ज्याने बनवलं तो कंपनी सोडून कॅनडाला गेलेला असतो.

ही झाली साधी, इमानदार स्पेस. हिच्या बहिणी फार आहेत. एक ओळ तुटू न देणारी स्पेस, एक रुंदीच नसलेली स्पेस, एक अरुंद आणि ओळही तुटू न देणारी. या शेवटच्या बाईंनी तर जगभर गोंधळ घातला. तारीख-वेळ कुठल्या भाषेत कशी लिहायची याचा एक मोठा सामायिक कोश आहे, सीएलडीआर नावाचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची ४२वी आवृत्ती आली. तिच्यात इंग्रजी वेळेतल्या ‘३:०० पीएम’मधली, पीएमच्या आधीची साधी जागा काढून तिथे ही अरुंद जागा बसवली. विचार उदात्त होता. ‘३:००’ एका ओळीवर आणि ‘पीएम’ खालच्या ओळीवर अशी ताटातूट होऊ नये. पुढे जावाची २०वी आवृत्ती आणि जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या नव्या आवृत्त्या हा कोश घेऊन आल्या, आणि जिथे जिथे वेळेवर काटेकोर टेस्ट लिहिलेली होती तिथे तिथे ‘३:०० पीएम हवं होतं, ३:०० पीएम आलं’ असा शिमगा सुरू झाला. डोळ्यांना फरक दिसणं शक्यच नव्हतं. क्रोमवाल्यांनाही तक्रारी इतक्या आल्या, की त्यांनी ती नवी जागा गुपचूप परत साधी करून घेतली. वेळ पाळण्याबद्दल आपण भारतीयांची कीर्ती काही असो, वेळ लिहिण्यावरून आपली कामं अडल्याचा हा दाखला निर्विवाद आहे.

आता कुणी म्हणेल, न दिसणारी अक्षरं सगळी पुसून टाका आणि मग तुलना करा. हा सल्ला इंग्रजीत खपून जातो. मराठीत त्याने आचाऱ्यांचे आचार्य होतात. ‘आचाऱ्यांना’ हा शब्द संगणकात तीन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसरीत साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता. तिसरीत साधा ‘र’, हलन्त, आणि मध्ये एक अदृश्य जोडणारं चिन्ह. वाचणाऱ्याला तिन्ही सारखेच. जगभरच्या लिप्या संगणकात कशा साठवायच्या हे ठरवणाऱ्या युनिकोडने यासाठी नियम घालून दिलाय, त्याला नॉर्मलायझेशन म्हणतात. तो लावला की पहिल्या दोन तऱ्हा एक होतात. तिसरी होत नाही. आणि त्या तिसऱ्या तऱ्हेतलं अदृश्य चिन्ह कुणी सफाईच्या भरात पुसलं, की ‘आचाऱ्यांना ॲडव्हान्स द्या’चं ‘आचार्यांना ॲडव्हान्स द्या’ होतं. लग्नाच्या ॲपमध्ये ही टेस्ट पास झाली, तर पंगतीच्या वेळी काय होईल याची कल्पना वाचकांनी करावी.

लांबीचं तेच. नाव दहा अक्षरांच्या आत हवं, असा नियम समजा ठरला. आपण ‘श्रीकृष्ण’ तीन अक्षरांत म्हणतो. युनिकोड ते नऊ मोजतं, आणि साठवणीत त्याचे सत्तावीस बाइट होतात. तिघंही आपापल्या जागी बरोबर. पण टेस्ट लिहिणारा एका पद्धतीने मोजतो, सर्व्हर दुसऱ्या पद्धतीने, आणि डेटाबेस तिसऱ्या. मध्ये सापडतो तो श्रीकृष्ण, आणि त्याला ‘तुमचं नाव फार मोठं आहे’ असं उत्तर येतं. श्रीकृष्णाला हे नवीन नसावं.

आकड्यांबद्दल सुरुवातीला मी जे चांगलं बोललो, तेही मराठीत आलं की थोडं मागे घ्यावं लागतं. त्याच सीएलडीआर कोशानुसार हिंदी निवडली तर रक्कम इंग्रजी आकड्यांत येते, मराठी निवडली तर १,२३,४५६ अशी देवनागरीत. म्हणजे मराठी आकड्यांचा एक मोठा प्रश्न आंतरराष्ट्रीय पातळीवर कधीच सुटला आहे आणि त्याचा विजयी मेळावा घ्यायचा राहून गेला आहे. गंमत पुढेच आहे. हे देवनागरी आकडे जावाला दिले तर ती ते बिनतक्रार वाचते. जावास्क्रिप्टला दिले तर तिचं उत्तर येतं, ‘हा आकडाच नव्हे.’ दोघींच्या नावात साम्य आहे म्हणून नातं जोडायला जाऊ नये, हे जाणकार वर्षानुवर्षं सांगत आले आहेतच.

या सगळ्याने पोळलेला टेस्टर मग दुसऱ्या पंथाकडे वळतो. त्यांचं म्हणणं, पूर्ण वाक्य कशाला धरता, नेमका एक शब्द आत आहे की नाही एवढं बघा. पोस्टमन हे या धंद्यात सर्रास वापरलं जाणारं, मूळ बेंगळुरूचं हत्यार. त्यात तर यासाठी तयार ओळ दिलेली असते. क्लिक केली की पानावर हजर. पूर्णविराम आला तरी चालतं, फुगे आले तरी चालतं. टेस्टर खूश, मॅनेजर खूश, पाइपलाइन हिरवीगार.

अडचण अशी, की ‘व्यवहार अयशस्वी’ या उत्तरात ‘यशस्वी’ हा शब्द संपूर्ण, शाबूत आणि सापडेल असा बसलेला असतो. टेस्ट त्याला बघते आणि समाधानाने हिरवी होते. ‘अमान्य’मध्ये ‘मान्य’ असतं, ‘अवैध’मध्ये ‘वैध’. इंग्रजीतही तेच : ‘इनव्हॅलिड’च्या पोटात ‘व्हॅलिड’, ‘अनसक्सेसफुल’च्या पोटात ‘सक्सेस’. नकार पुढून लावायचा, ही जगातल्या पुष्कळ भाषांची खोड आहे आणि ‘आत आहे का’ विचारणाऱ्याला पुढचं बघायची सवय नसते. म्हणजे सगळे व्यवहार कोसळलेले आणि डॅशबोर्डवर हिरवळ. अशा दिवशी ऑफिसात फार प्रसन्न वातावरण असतं. संध्याकाळपर्यंत.

याहून उदार असा तिसरा पंथही आहे. उत्तर आलं ना? रिकामं नाही ना? मग पास. या पंथाची टेस्ट कधीही फेल होत नाही. सर्व्हरने शिव्या दिल्या तरी त्या रिकाम्या नसतात. काही एपीआयना तर आतून सगळं बोंबललेलं असतानाही बाहेर दोनशेचा आकडा लावायची सवय असते. वर ‘ओके’, आत ‘एरर’. त्यांचं आणि या पंथाचं छान जमतं. रिलीजच्या आदल्या रात्री कव्हरेजचा, म्हणजे किती कोड टेस्टखाली आला याचा, टक्का वाढवायचा असेल तर या पंथासारखा आधार नाही, आणि तो घेणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. त्या रात्री पिझ्झाही कंपनीच देत असते.

काटेकोरांना कुणी फारच हसत असेल तर त्याला मार्च २०२१ची आठवण द्यावी. आपल्याकडे व्यापारी एसएमएस पाठवायचा तर त्याचा साचा आधी टेलिकॉम कंपन्यांकडे नोंदवावा लागतो. बदलणाऱ्या जागी, म्हणजे ओटीपीच्या आकड्यांसाठी वगैरे, एक खूण ठेवायची. बाकी वाक्य ठरलेलं. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायचे हे नियम २०१८ चे. बरेच दिवस ते कागदावर होते. ८ मार्च २०२१ पासून कंपन्यांनी प्रत्येक संदेश खरोखरच साच्याशी ताडून बघायला सुरुवात केली. जुळला तर पुढे, नाही जुळला तर गाळला. एका देशाने आपल्या सगळ्या धंदेवाईक संदेशांवर एकाच दिवशी लावलेलं असर्शन! त्या दिवशी बँकांचे ओटीपी अडले, तिकिटं अडली, नुकतीच सुरू झालेली लसीची नोंदणीही अडली. लोक मोबाइल हातात धरून ‘ओटीपी आला का’ असं एकमेकांना विचारत बसले. दुसऱ्याच दिवशी ट्रायने आठवडाभरासाठी तपासणी थांबवली. म्हणजे टेस्ट फेल व्हायला लागल्या तेव्हा टेस्टच बंद केल्या. आयटीत काम करणाऱ्या कुणालाही यात काही नवल वाटलं नाही.

पण ती तपासणी नंतर पुन्हा सुरू झालीच, आणि आजही तुमच्या सर्व्हरने पाठवलेला ओटीपीचा मजकूर नोंदवलेल्या साच्याला सोडून गेला तर तो ग्राहकाच्या फोनपर्यंत पोचत नाही. तिथे अक्षरन् अक्षर तपासावंच लागतं. ग्राहकाचं नाव, पावतीवरची रक्कम, कायद्याने छापायला लावलेली सूचना, यांचंही तसंच. तिथे वाक्य हाच माल असतो, आणि तिथे मी काटेकोरांच्या बाजूचा. ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’ या वाक्यावर मात्र असर्शन लिहिणाऱ्याशी माझं पटत नाही. त्या वाक्यात मुळात काही सांगितलेलंच नसतं. ते तसंच्या तसं आलं म्हणून आनंद कसला?

आणि अशी असर्शनं फार साठली, की वाक्य लिहिणाऱ्याचं राहतच नाही. गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट या अभियंत्याच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे : वापरणारे पुरेसे झाले, की तुमच्या प्रणालीची जी जी वागणूक बाहेर दिसते तिच्यावर कुणी ना कुणी विसंबून राहणारच, मग तुम्ही तसं वचन दिलेलं असो वा नसो. गो भाषेच्या अधिकृत लायब्ररीत, विनंती फार मोठी झाल्यावर द्यायच्या एररच्या शेजारी, लिहिणाऱ्यांनी चक्क टीप लिहून ठेवली आहे, की हायरमच्या नियमामुळे हा मजकूर बदलता येणार नाही. जगभरातल्या प्रोग्रामनी ते इंग्रजी वाक्य शब्दशः ताडून बघायला सुरुवात केली होती. शेवटी २०२२ साली गोच्या १.१९ आवृत्तीत त्या एररला स्वतंत्र प्रकार दिला, म्हणजे निदान पुढच्यांनी तरी वाक्य वाचत बसू नये. वाक्य मात्र जसंच्या तसं आहे आणि राहील.

एपीआयमधल्या चुका कशा सांगाव्यात, याचं एक सार्वजनिक मानकही आहे. आधी २०१६ साली निघालं, मग जुलै २०२३ मध्ये सुधारून आरएफसी ९४५७ या नावाने आलं. चुकीचा प्रकार एका ठरलेल्या, न बदलणाऱ्या ओळखीने सांगा, असं ते म्हणतं; माणसासाठी सविस्तर वाक्य वेगळ्या जागी द्या, आणि वापरणाऱ्या प्रोग्रामने त्या वाक्यातून माहिती उकरू नये. इतकं स्वच्छ लिहिलेलं आहे. तरीही या घडीला हिंजवडीत कुणीतरी त्या वाक्यावर असर्शन लिहीत बसलं आहे, कारण ओळखीच्या रकान्यात डेव्हलपरने ‘एरर’ एवढाच शब्द भरून ठेवलाय. मग टेस्टरने बिचाऱ्याने धरायचं काय?

म्हणून डेव्हलपर मंडळींना हात जोडून एवढंच सांगणं आहे. प्रत्येक चुकीला एक छोटा, ठरलेला कोड द्या, आम्ही तो तपासू. वाक्यं कंटेंटवाल्या मॅडमना हवी तेवढी नटवू देत. फक्त तो कोड ठरवताना त्याचं स्पेलिंग एकदा नीट बघून घ्या. कुठल्या पानावरून आलात हे ब्राउझर सर्व्हरला ज्या ‘रेफरर’ हेडरमधून सांगतो, त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक ‘आर’ गळालेला आहे. मे १९९६ च्या एचटीटीपीच्या दस्तऐवजात ते तसंच छापलं गेलं, तेव्हापासून सगळं जग ते चुकीचंच लिहितं, आणि आता दुरुस्त केलं तर वेब बंद पडेल.